दर्शन आणि वेध : महाराष्ट्रातील युग्मतारा-निरीक्षणाचा इतिहास

१. विषयप्रवेश

आकाशातील ज्योतींकडे पाहण्याच्या क्रियेस मराठीत दोन शब्द आहेत : एक 'दर्शन' आणि दुसरा 'वेध'. दर्शन घेणारास पाहिल्याचे समाधान पुरते. वेध घेणारास मात्र पाहिलेल्या वस्तूचे स्थान, कोन, अंतर व काल यांची मोजणी करून ती लिहून ठेवावी लागते. 'वेधशाळा' हा शब्द या दुसऱ्या क्रियेवरून आला आहे, आणि गेल्या काही दशकांत शहरोशहरी रूढ झालेला 'आकाशदर्शन' हा शब्द पहिल्या क्रियेवरून. या दोन क्रियांतील अंतर ज्योतिषशास्त्राच्या ज्या शाखेत सर्वांत स्पष्ट दिसते ती शाखा म्हणजे युग्मताऱ्यांचे निरीक्षण होय. परस्परांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांची जोडी लहानशा दुर्बिणीतूनही मोठी मनोहर दिसते. परंतु त्या फिरतात हे एका रात्रीत, किंबहुना पुष्कळदा एका आयुष्यातही, कळत नाही. ते कळण्यासाठी एका निरीक्षकाने लिहिलेले आकडे दुसऱ्याच्या, आणि दुसऱ्याचे तिसऱ्याच्या हाती पडावे लागतात.

महाराष्ट्रात या विद्येचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, आणि तोही एका हौशी निरीक्षकाच्या खाजगी वेधशाळेत, झाला होता. तो आरंभ कसा झाला, त्याचा वारसा पुढे का चालला नाही, आणि आज ठाणे व कल्याण-डोंबिवलीसारख्या दिव्यांच्या झगमगाटात बुडालेल्या नगरांत तो पुन्हा धरता येण्याजोगा का आहे, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

२. परंपरेतील तारकाद्वये

ताऱ्यांच्या जोड्या भारतीयांच्या नजरेस फार प्राचीन काळी आल्या होत्या याची साक्ष भाषाच देते. 'पुनर्वसू' हे नक्षत्रनाम संस्कृतात द्विवचनी आहे. पाश्चात्त्य ज्यांना कॅस्टर व पोलक्स म्हणतात ते हे दोन तारे. पुनर्वसू, विशाखा, फल्गुनी व प्रोष्ठपदा या नक्षत्रनामांच्या वचनासंबंधी पाणिनीने अष्टाध्यायीत स्वतंत्र नियम दिले आहेत. तारकाद्वयास द्विवचन लावणे इतके स्वाभाविक होते, की त्याचे अपवाद सांगण्याची गरज वैयाकरणास वाटली. प्राकृतात द्विवचन लोपले आणि मराठीस ते मिळालेच नाही. त्यामुळे ही कल्पना सांगण्यासाठी मराठीला 'जोड', 'जुळे', 'युग्म' अशा स्वतंत्र शब्दांचा आश्रय करावा लागला. आधुनिक मराठी लेखनात जोडतारा, युग्मतारा व द्वैती तारा हे तिन्ही शब्द आढळतात. तथापि एक भेद सांभाळणे इष्ट आहे. केवळ एकाच दिशेस आल्यामुळे जवळ भासणाऱ्या दोन ताऱ्यांस 'भासमान जोडी' म्हणावे, आणि गुरुत्वाकर्षणाने बद्ध असून सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरणाऱ्या जोडीसच 'युग्मतारा' म्हणावे. शास्त्राचा पुढील सर्व इतिहास हा भेद उलगडण्याचाच इतिहास आहे.

परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध जोडी वसिष्ठ व अरुंधती यांची. सप्तर्षींपैकी वसिष्ठाचा तारा दुसऱ्या प्रतीचा आणि अरुंधतीचा चौथ्या प्रतीचा असून त्या दोहोंत सुमारे १२ कलांचे अंतर आहे. निकोप दृष्टीस ती निराळी दिसतात. विवाहविधीत वधूवरांस ध्रुवाबरोबर अरुंधती दाखविण्याचा प्रघात आहे. भीष्मपर्वातील उत्पातवर्णनात अरुंधतीने वसिष्ठास मागे टाकल्याचा उल्लेख येतो. वेदान्तग्रंथांत 'स्थूलारुंधतीन्याय' म्हणून जो दृष्टान्त प्रसिद्ध आहे त्याचे मूळही याच तारकाद्वयात आहे. आधी जवळचा ठळक तारा दाखवावा व मग दृष्टी स्थिर झाल्यावर बारीक अरुंधतीकडे वळवावी, हा त्याचा आशय. अध्यापनशास्त्राचे हे सूत्र दुर्बिणीने पाहणारासही तंतोतंत लागू पडते.

परंतु या सर्व उल्लेखांत अंतराचे माप नाही, आणि त्याचे कारण परंपरेची उदासीनता एवढेच नाही. सिद्धान्तग्रंथांनी नक्षत्रांची स्थाने अंशकलांत दिलेली आहेत. परंतु त्यासाठी त्यांनी प्रत्येक नक्षत्रातून एकच 'योगतारा' निवडला व त्याचे ध्रुवक आणि विक्षेप सांगितले. ग्रहगणितास एवढे पुरेसे होते. एका गटातून एक तारा निवडला, की त्याच्या शेजाऱ्याशी असलेला त्याचा संबंध आपोआपच मोजणीबाहेर पडतो. शिवाय नुसत्या डोळ्यास एका कलेच्या आतील भेद कळत नाही. कलेचा साठावा भाग जी विकला, ती गणितात होती, पण वेधाच्या आवाक्यात नव्हती. युग्मताऱ्यांचे जग बहुतांशी या विकलांचे आहे. त्यामुळे दुर्बिणीवाचून ते अज्ञात राहणे अपरिहार्य होते.

३. दुर्बिणीचा काळ

वसिष्ठाचा तारा स्वतःच दुहेरी आहे हे गॅलिलिओचा शिष्य बेनेडेट्टो कास्तेल्ली याच्या १६१७ मध्येच ध्यानात आले होते. त्या दोन घटकांतील अंतर सुमारे १४ विकला आहे. म्हणजे जी जोडी भारतीयांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली, तिच्यातील एका ताऱ्याच्या पोटात दुसरी जोडी दडलेली होती. पुढे वर्णपटाच्या साहाय्याने १८८९ मध्ये तिच्यातील मुख्य घटकही दुहेरी ठरला. दुसरा घटकही तसाच निघाला, आणि २००९ मध्ये अरुंधतीलाही एक मंद सोबती सापडला.

भारतभूमीवरून दुर्बिणीने झालेला पहिला प्रसिद्ध शोधही युग्मताऱ्याचाच आहे. १६८९ च्या डिसेंबरात पुदुच्चेरी येथे धूमकेतू पाहत असता फ्रेंच जेझुइट पाद्री झां रिशो यास दक्षिणेकडील 'मित्र' हा तारा दुहेरी असल्याचे आढळले. या जोडीचा आवर्तकाल सुमारे ८० वर्षे आहे. रिशोने पाहिल्यापासून तिची चार आवर्तने पुरी होऊन गेली आहेत.

तथापि अशा नोंदी सुट्या राहिल्या. जॉन मिचेल याने १७६७ मध्ये संभाव्यतेच्या गणिताने दाखविले, की आकाशात जितक्या जवळच्या जोड्या दिसतात तितक्या केवळ योगायोगाने दिसणे शक्य नाही. विल्यम हर्शेल याने १७७९ पासून जोड्यांचा पद्धतशीर शोध आरंभिला तो मात्र निराळ्याच हेतूने. जवळच्या ताऱ्याचे दूरच्या ताऱ्याच्या संदर्भाने होणारे वार्षिक विस्थापन मोजून ताऱ्यांची अंतरे काढावी असा त्याचा मानस होता, आणि त्यासाठी त्यास भासमान जोड्याच हव्या होत्या. वीस-पंचवीस वर्षांनी त्याच जोड्या पुन्हा मोजल्या तेव्हा काहींमधील दिशा पालटलेली दिसली, आणि १८०३ मध्ये त्याने हे तारे परस्परांभोवती फिरतात असे जाहीर केले. पुनर्वसूतील कॅस्टरसंबंधी हा निष्कर्ष काढताना ब्रॅडली याने १७५९ मध्ये करून ठेवलेली एक नोंद त्यास फार उपयोगी पडली. ब्रॅडलीला त्या नोंदीचा पुढे काय उपयोग होणार याची कल्पना असणे शक्य नव्हते. १८२७ मध्ये साव्हारी याने सप्तर्षिमंडलाच्या दक्षिणेकडील एका युग्माची कक्षा न्यूटनच्या नियमाने काढली, आणि गुरुत्वाकर्षण सूर्यमालेबाहेरही चालते हे सिद्ध झाले.

याच सुमारास डॉर्पाट येथे विल्हेल्म स्ट्रूव्ह याने तीन हजारांहून अधिक जोड्यांची सूची सिद्ध केली. परंतु डॉर्पाट ५८ उत्तर अक्षांशावर असल्याने त्याची पाहणी विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे १५ अंशांवर थांबली. दक्षिणेकडील आकाश जॉन हर्शेल याने १८३४ ते १८३८ या काळात केप ऑफ गुड होप येथून धुंडाळले. या दोन पाहण्यांतील जोड्या पुन्हा पुन्हा मोजणारा, आणि दोन्हीकडील आकाश एकाच ठिकाणाहून पाहू शकणारा निरीक्षक हवा होता. पुण्याचे अक्षांश साडेअठरा. तेथून उत्तरेकडील बहुतेक सर्व व दक्षिणेकडील सुमारे ७० अंशांपर्यंतचे आकाश क्षितिजावर येते.

४. पुण्याची खाजगी वेधशाळा

विल्यम स्टीफन जेकब हा १८१३ मध्ये इंग्लंडात जन्मलेला कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यातील इंजिनीअर अधिकारी. तो १८३१ मध्ये मुंबईस आला. सर्वेक्षणाच्या कामामुळे कोन मोजण्याची विद्या त्यास अवगत झाली होती. १८४२ मध्ये त्याने पुण्यास स्वखर्चाने वेधशाळा उभारली. मधल्या काळात स्वदेशी जाऊन परतल्यावर १८४५ ते १८४८ या चार वर्षांत डॉलंड बनावटीच्या पाच फुटी दुर्बिणीने त्याने २४४ जोड्यांचे वेध घेतले व त्यांची सूची लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीस सादर केली. काही प्रसिद्ध युग्मांच्या कक्षाही त्याने गणिताने काढल्या. या काळात तो कोणत्याही सरकारी वेधशाळेचा नोकर नव्हता. आजच्या भाषेत ज्यास हौशी निरीक्षक म्हणतात तोच तो होता.

त्याच्या कामाचे स्वरूप एका उदाहरणावरून ध्यानात येईल. वृश्चिक राशीत न्यू या ग्रीक अक्षराने निर्देशिलेला एक तारा आहे. त्यातील ४१ विकला अंतराचे दोन घटक पूर्वीपासून ठाऊक होते. १८४७ मध्ये पुण्याच्या दुर्बिणीतून त्यांपैकी मंद घटक पुन्हा दुहेरी दिसला. त्यातील अंतर अवघे अडीच विकलांच्या आतले. अमेरिकेतील मिचेल या ज्योतिषाच्या नावावरही याच सुमाराची नोंद आहे. पुढे १८७० नंतरच्या दशकात शिकागोच्या बर्नहॅम याने तेजस्वी घटकाचेही दोन भाग पाडले, आणि तो तारा चौपदरी ठरला. तीन खंडांवरील नोंदी एकत्र जुळल्या तेव्हा हे एक चित्र पुरे झाले.

१८४८ च्या अखेरीस जेकबची नेमणूक मद्रासच्या सरकारी वेधशाळेचा संचालक म्हणून झाली. तेथून १८५५ मध्ये त्याने भुजंगधारी मंडलातील ७० क्रमांकाच्या युग्माविषयी एक धाडसी विधान केले. या जोडीचा आवर्तकाल सुमारे ८८ वर्षांचा आहे. तिच्या मोजलेल्या स्थानांत व गणिताने येणाऱ्या स्थानांत त्यास फरक आढळला. तो एखाद्या न दिसणाऱ्या ग्रहरूप पिंडाच्या ओढीमुळे असावा, असे अनुमान त्याने मांडले. सूर्याखेरीज अन्य ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा, मोजमापांवर आधारलेला असा हा अगदी आरंभीचा दावा होय. शतकाच्या अखेरीस टी. जे. जे. सी या अमेरिकन ज्योतिषाने तोच दावा नव्या स्वरूपात पुढे आणला, आणि १८९९ मध्ये मोल्टन याने गणिताने तो खोडून काढला. अनुमान टिकले नाही. परंतु ज्या आकड्यांवरून ते केले होते ते आकडे बाद झाले नाहीत. कक्षा नव्याने काढताना जुने वेध, त्यांवरील अनुमाने चुकलेली असली तरी, हिशेबात धरावेच लागतात.

प्रकृती बिघडल्यामुळे जेकबने १८५९ मध्ये मद्रास सोडले. त्याच्या मनात मात्र पुण्याच्या परिसरातील उंच डोंगरावर वेधशाळा उभारण्याची योजना होती. १८६२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने त्यासाठी एक हजार पौंड मंजूर केले. नऊ इंची भिंगाची दुर्बीण त्याने स्वतः खरेदी केली होती. ८ ऑगस्ट १८६२ रोजी तो मुंबईस उतरला आणि १६ ऑगस्ट रोजी पुण्यास मरण पावला. तेव्हा तो वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षात होता. योजना त्याच्याबरोबर संपली. आंतरराष्ट्रीय सूचीत काही जोड्यांपुढे त्याच्या आडनावाची दोन अक्षरी खूण आजही छापली जाते. सह्याद्रीच्या पठारावरील त्याच्या वेधशाळेचे तेवढेच स्मारक उरले आहे.

५. वारसा का खंडित झाला?

याच काळात मराठी भाषकांत ज्योतिषाचे जाणकार नव्हते असे मुळीच नाही. केरो लक्ष्मण छत्रे यांची उमेदवारी कुलाबा वेधशाळेत झाली होती. त्यांची 'ग्रहसाधनाची कोष्टके' १८६० मध्ये प्रसिद्ध झाली. कृष्णशास्त्री गोडबोले, विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक, शंकर बाळकृष्ण दीक्षित, व्यंकटेश बापूजी केतकर ही नावे घेतली म्हणजे गणिती विद्वत्तेची वाण नव्हती हे उघड होते. मग युग्मताऱ्यांकडे ही बुद्धी का वळली नाही?

पहिले कारण पंचांग. जुन्या ग्रंथांवरून काढलेली ग्रहस्थिती व प्रत्यक्ष आकाश यांत पडलेले अंतर हा त्या पिढीपुढील ज्वलंत प्रश्न होता. सण, व्रते, मुहूर्त, अयनांश आणि सायन-निरयन वाद यांचा संबंध घराघराशी होता. पंचांगशोधनास सूर्य, चंद्र, ग्रह व आरंभस्थान ठरविण्यापुरते एक-दोन तारे लागतात. युग्मताऱ्यांचे तेथे काहीच प्रयोजन नाही. समाजाने ज्या प्रश्नाचे उत्तर मागितले त्या प्रश्नास विद्वानांनी आयुष्य वाहिले. केतकरांनी १९११ मध्ये नेपच्यूनपलीकडील ग्रहांविषयी फ्रेंच नियतकालिकात भाकीत प्रसिद्ध केले, तेही गणिताच्याच बळावर.

दुसरे कारण साधनांचे. चांगल्या भिंगाची, घड्याळयंत्रावर फिरणारी, सूक्ष्ममापी जोडलेली दुर्बीण शाळामास्तराच्या पगारात येण्यासारखी नव्हती. दीक्षितांचेच उदाहरण घ्यावे. मुरुडच्या या विद्वानाने रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे व पुणे अशा ठिकाणी शिक्षकाची नोकरी करीत करीत १८९६ मध्ये 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' हा ग्रंथ सिद्ध केला. वेधांच्या परंपरेचा व यंत्रांचा विचार त्यांनी त्यात साक्षेपाने केला आहे. त्याआधी १८९२ च्या सुमारास त्यांनी सामान्य वाचकांसाठी 'ज्योतिर्विलास' लिहिले व त्यास 'रात्रीची दोन घटका मौज' असे दुसरे नाव दिले. मराठीत आकाशाचा छंद म्हणून विचार प्रथम रुजविणाऱ्या ग्रंथांत त्याची गणना होते. 'मौज' हा शब्द येथे फार अर्थपूर्ण आहे. वेधाचे महत्त्व जाणणाऱ्या इतिहासकाराने सामान्य वाचकास आमंत्रण दिले ते दर्शनाचे, कारण त्या वाचकाच्या हाती तेवढेच साधन होते.

तिसरे कारण शास्त्राच्याच बदललेल्या दिशेत आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या प्रयत्नाने १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. भावनगरच्या महाराजांच्या देणगीमुळे तेथे ग्रब कंपनीची वीस इंची आरशाची दुर्बीण आली. परंतु तेव्हा जगभर वर्णपटविज्ञानाचा उदय झाला होता, आणि नायगमवालांचे लक्षही साहजिकच त्या नव्या क्षेत्राकडे होते. १९१२ मध्ये ही वेधशाळा बंद होऊन तिची साधने कोडाईकनालला गेली. अशा रीतीने पुण्यात पन्नास वर्षांत दोनदा साधने जुळून आली आणि दोन्ही वेळा ती एका व्यक्तीच्या मृत्यूबरोबर वा निवृत्तीबरोबर नाहीशी झाली. वेध घेणारी माणसे होती, पण वेधांची वही पुढे घेणारी संस्था मात्र निर्माण झाली नाही.

६. हौशी मंडळांचा उदय

ही उणीव काही अंशी विसाव्या शतकात भरून निघाली. २२ ऑगस्ट १९४४ रोजी पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्थेची स्थापना झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची भारतातील ही सर्वांत जुनी चालू संस्था मानली जाते. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद निघाली व मराठीतून विज्ञानप्रसाराचे काम सुरू झाले. १९७७ मध्ये मुंबईस नेहरू तारांगण सुरू झाले. १९८५-८६ मध्ये हॅलेच्या धूमकेतूने सर्वत्र जे कुतूहल जागविले त्याच काळात मुंबईत खगोल मंडळ उभे राहिले. कल्याणात आकाशमित्र मंडळाने हे काम हाती घेतले.

ठाणे ते कर्जत या पट्ट्यास या इतिहासात एक विशेष स्थान आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे व पुढील वर्षी कल्याणपर्यंत लोहमार्ग सुरू झाला. त्याच मार्गाने पुढे चाकरमान्यांची वस्ती वाढत गेली. सकाळची गाडी पकडून मुंबईस जाणारा व दिवे लागल्यावर परतणारा डोंबिवलीकर हा या वस्तीचा प्रातिनिधिक रहिवासी. दिवसा नोकरी आणि रात्री आकाश हा क्रम त्यास सोयीचा पडला. कल्याणपलीकडील वांगणी हे स्थानक तर रात्रभराच्या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांमुळे हौशी मंडळींत सुपरिचित झाले, कारण लोकलगाडीने जाता येईल इतक्या जवळ तेथे पुरेसा काळोख होता.

येथे बर्नहॅमचे स्मरण होणे साहजिक आहे. ज्याने न्यू वृश्चिकाचा चौथा घटक दाखविला तो बर्नहॅम शिकागोच्या न्यायालयात लघुलेखक होता. दिवसा साक्षी उतरून घ्यावयाच्या आणि रात्री घरच्या अंगणातील सहा इंची दुर्बिणीने तारे पाहावयाचे, असा त्याचा दिनक्रम. १८७३ मध्ये त्याने ८१ नव्या जोड्यांची पहिली यादी प्रसिद्ध केली. आयुष्यात तेराशेहून अधिक जोड्या शोधल्या आणि १९०६ मध्ये जोडताऱ्यांची महासूची छापली. नोंद करणे हा ज्याचा पेशा होता त्याच्याच हातून ताऱ्यांची सर्वोत्तम नोंद व्हावी यात नवल नाही. कारकुनी ही ज्ञानाची शत्रू नव्हे, हे मध्य रेल्वेच्या काठच्या वस्तीने अवश्य ध्यानात घ्यावे.

७. प्रकाशित नगरे आणि युग्मतारे

२०११ च्या जनगणनेत ठाणे महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या अठरा लाखांवर व कल्याण-डोंबिवलीची सुमारे साडेबारा लाख भरली. या वस्तीच्या दिव्यांनी आकाशगंगेचा पट्टा, तेजोमेघ व दीर्घिका दृष्टीआड केल्या आहेत. खाडीवरून येणारी दमट हवा त्या प्रकाशाला आणखी पसरविते. जून ते सप्टेंबर पाऊस आकाश झाकतो. दर्शनाच्या दृष्टीने ही मोठीच हानी आहे, व त्यासाठी वांगणी किंवा त्याहून दूर जावे लागते.

युग्मताऱ्यांस मात्र ही हानी सर्वांत कमी बाधते. दीर्घिकेचा प्रकाश पसरलेला असतो म्हणून उजळ पार्श्वभूमीत तो बुडतो. तारा हा बिंदुरूप असल्याने दुर्बिणीची वर्धनशक्ती वाढविली की पार्श्वभूमी काळवंडते व तारा तसाच उरतो. जोडी विलग दिसणे हे काळोखापेक्षा भिंगाच्या व्यासावर आणि हवेच्या स्थैर्यावर अवलंबून आहे. डॉज या इंग्रज पाद्र्याने ठरविलेल्या नियमाप्रमाणे ६० मिलिमीटर भिंगास सुमारे २ विकलांची आणि १०० मिलिमीटर भिंगास सुमारे सव्वा विकलेची जोडी विलग करता येते. धूसर पण निश्चल रात्र, जी दीर्घिकांस निरुपयोगी, ती युग्मताऱ्यांस पुष्कळदा उत्तम असते. इमारतीच्या गच्चीवरून, सभोवती दिवे असताही, वसिष्ठ, हंसातील बीटा, देवयानीतील गॅमा, सिंहेच्या आयाळीतील गॅमा, कॅस्टर व कन्येतील गॅमा या जोड्या वर्षभरात क्रमाने पाहता येतात. 'मित्र' हा तारा ठाण्याहून क्षितिजावर जेमतेम १० अंश चढतो. दक्षिणेकडील क्षितिज मोकळे असेल तर उन्हाळ्याच्या रात्री रिशोचा तो तारा डोंबिवलीच्या गच्चीवरूनही साधतो.

हे झाले दर्शन. वेधासाठी दोनच राशी मोजावयाच्या : स्थितिकोन, म्हणजे मुख्य ताऱ्यापासून सोबत्याची उत्तरेकडून पूर्वेकडे मोजलेली दिशा, आणि दोहोंतील अंतर, विकलांत. पूर्वी यासाठी तंतूंचे सूक्ष्ममापी लागे. आज रेखांकित मोजपट्टी असलेले नेत्रभिंग साध्या दुर्बिणीस जोडता येते. त्या पट्टीचे माप काढण्याची रीत सोपी आहे. दुर्बीण स्थिर ठेवली असता विषुववृत्तावरील तारा एका सेकंदास सुमारे १५ विकला सरकतो. इतर ताऱ्यांसाठी त्यास क्रांतीच्या कोज्येने गुणावे. तारा पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जाण्यास लागलेला वेळ घड्याळाने मोजला की पट्टीचा एक भाग किती विकलांचा हे कळते, आणि ताऱ्याच्या त्याच सरकण्याने पश्चिम दिशाही निश्चित होते. ज्यांच्यापाशी छायाचित्रणाची साधने आहेत त्यांनी थोड्या सेकंदांत शेकडो चित्रे घेऊन त्यांतील सर्वांत स्थिर चित्रे निवडावी, अशी नवी पद्धत आता रूढ आहे. कोणत्याही पद्धतीत एका रात्रीवर विसंबू नये. निदान तीन-चार रात्रींची सरासरी काढावी, आणि दिनांक वर्षाच्या दशांशात लिहावा.

या मोजणीची गरज आजही आहे का, अशी शंका येणे रास्त आहे. १९६३ मध्ये लिक वेधशाळेने प्रसिद्ध केलेल्या सूचीत सुमारे ६४ हजार जोड्या होत्या. आज वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेने सांभाळलेल्या सूचीत दीड लाखांहून अधिक आहेत. २०१३ मध्ये सोडलेल्या गाइया उपग्रहाने ताऱ्यांची स्थाने अपूर्व सूक्ष्मतेने मोजली, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याची निरीक्षणे संपली. परंतु फार तेजस्वी तारे व फार निकटच्या जोड्या त्यास अवघड जात. शिवाय उपग्रहाची कारकीर्द दहा-अकरा वर्षांची, आणि युग्मांचे आवर्तकाल शतकांचे. सूचीतील कित्येक जोड्या दीर्घ काळ कोणी मोजलेल्याच नाहीत. अशी मापे स्वीकारणारी नियतकालिके आहेत व त्यांत हौशी निरीक्षकांचे लेख नियमाने छापले जातात. हंसातील बीटासारखी सुप्रसिद्ध जोडीसुद्धा खरे युग्म आहे की भासमान, याविषयी दीर्घ काळ मतभेद राहिला. अलीकडील मापांचा कौल ती बद्ध नसावी या बाजूस अधिक आहे.

८. उपसंहार

कन्येतील गॅमा या युग्माचा आवर्तकाल सुमारे १६९ वर्षे आहे. १८३६ मध्ये त्याचे दोन्ही घटक इतके जवळ आले, की त्या काळच्या मोठ्या दुर्बिणींतूनही तो तारा एकेरी दिसला. १८४५ ते १८४८ या काळात, पुण्यास वेध चालू असता, ती जोडी पुन्हा उलगडत होती. त्यानंतर ती दूर गेली, परतली आणि २००५ मध्ये पुन्हा अत्यंत निकट आली. २०१४ ते २०१७ या वर्षांत तिचे घटक जवळजवळ त्याच स्थितीत होते ज्या स्थितीत ते जेकबच्या काळी होते. एक आवर्तन पुरे झाले. तेवढ्या अवधीत छत्रे, दीक्षित व केतकर यांची पिढी येऊन गेली, पुण्याची वेधशाळा उघडून मिटली, लोहमार्गाच्या काठची खेडी महानगरे झाली. हे आवर्तन सबंध पाहिलेला मनुष्य झाला नाही व होणार नाही. ते पाहिले ते नोंदींनी.

कॅस्टरची गोष्ट मात्र आयुष्याच्या मापात बसते. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याच्या घटकांतील अंतर सुमारे २ विकला होते. आज ते ५ विकलांहून अधिक आहे. त्या वेळी ज्याने लहान दुर्बिणीतून ती जोडी कष्टाने विलग केली, त्यास आज तीच सहज विलग झालेली दिसेल. परंतु 'पूर्वी अवघड होती' ही आठवण म्हणजे माप नव्हे. त्या काळच्या वहीत स्थितिकोन, अंतर व दिनांक असे तीन आकडे असतील तरच ती आठवण ज्ञान ठरते.

महाराष्ट्रात आकाशाविषयीची आस्था कधीच कमी नव्हती. एकोणिसाव्या शतकात तिला साधन नव्हते आणि प्रश्न निराळा होता. आज साधन गच्चीवर आहे, आकाश धूसर असूनही या कामास पुरेसे आहे, आणि मंडळे आहेत. स्थूलारुंधतीन्यायाने पाहता आकाशदर्शन हा जवळचा ठळक तारा होय. तेथवर सहस्रावधी लोकांची दृष्टी आणून पोहोचविण्याचे काम या मंडळांनी केले आहे. त्याच्या शेजारची बारीक अरुंधती म्हणजे वेधाची वही. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील महाविद्यालयांनी आणि मंडळांनी प्रत्येकी दहा-वीस जोड्या निवडून दर हिवाळ्यात त्यांची मापे एका सामाईक वहीत लिहिण्याचा परिपाठ ठेवला, व ती वही व्यक्तीऐवजी संस्थेच्या स्वाधीन केली, तर १८६२ मध्ये तुटलेला धागा पुन्हा जोडला जाईल. त्या आकड्यांचा उपयोग कोणास होईल हे आज सांगता येणार नाही. ब्रॅडलीलाही ते सांगता आले नसते.